रंग चढलेला रुपया : होळकरी नाण्यांची पारख

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात दोन-चार चांदीचे रुपये हमखास असतात. एखादा व्हिक्टोरिया राणीचा, एखादा जॉर्ज बादशहाचा आणि नशीब थोर असेल तर सूर्यमुखाची छाप असलेला एखादा होळकरी. वर्षभर हे रुपये कपाटाच्या तळाशी कापडी पुरचुंडीत पडून असतात. दिवाळीला पुरचुंडी सोडली की एखाद्या रुपयाच्या कडेला जांभळी-निळी झाक दिसते, तिच्या आत तांबूस, त्याच्याही आत सोनेरी. घरातले कोणी तरी म्हणते, "काळा पडायला लागलाय, चिंच लावा." चिंच लागते, पाच मिनिटांत रुपया पांढराशुभ्र होतो, आणि पन्नास-साठ वर्षांत त्याच्यावर जे साठले होते ते मोरीतून वाहून जाते.

त्याच वेळी सराफ्यातल्या एखाद्या गल्लीत किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात नेमका तसाच इंद्रधनुषी रुपया साध्या रुपयाच्या कितीतरी पट भावाने विकला जात असतो. आणि भाव चढला की नकलाही येतात. गेल्या आठवड्यात गॅसवर तापवून किंवा गंधकाची वाफ देऊन रंगवलेली नाणी 'नैसर्गिक रंगाची दुर्मिळ' म्हणून खपवली जातात. म्हणजे एकीकडे अस्सल रंग घासून टाकले जातात आणि दुसरीकडे खोट्या रंगांना पैसे मोजले जातात. दोन्ही नुकसानींचे मूळ एकच : रंग का येतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. नाण्यावरचा रंग हा त्या नाण्याचा जबाब असतो. ते कुठे राहिले, कशात राहिले, किती हात त्याला लागले, हे तो सांगतो. वजन, ठसा, झीज आणि धातू यांच्या साक्षीशी तो जुळला तर खरा मानायचा; नाही जुळला तर कितीही सुंदर असला तरी सोडून द्यायचा.

रंग येतो कुठून

चांदीला गंज चढत नाही, पण गंधकाशी तिचे फार लवकर जमते. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी अल्प प्रमाणात असतो. त्याच्या आणि दमटपणाच्या संगतीने चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. देवघरातली निरांजने काळी पडतात ती यामुळेच, आणि उकडलेल्या अंड्यात ठेवलेला चांदीचा चमचा काळवंडतो तोही यामुळेच. लोकर, रबर, हलका पुठ्ठा, वर्तमानपत्राचा कागद, काही रंगवलेली कापडे या सगळ्यांतून गंधकाची संयुगे हळूहळू बाहेर पडतात. स्वयंपाकघरात कांदा-लसूण आणि हिंग यांत ती असतातच.

हा थर जाड झाला की नाणे काळे दिसते. पण काळे होण्याआधी तो इतका पातळ असतो, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ, की प्रकाशाचा थोडा भाग थराच्या वरच्या बाजूवरून परततो आणि थोडा आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. या दोन परतणाऱ्या किरणांची एकमेकांशी गाठ पडते, तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात आणि काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात त्यांचेही कारण हेच. म्हणजे नाण्यावर निळा पदार्थ नसतो की जांभळा पदार्थ नसतो. पदार्थ एकच, त्याची जाडी बदलते तसा रंग बदलतो.

यातूनच पारखीचा पहिला नियम निघतो. जाडी वाढते तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, किरमिजी, जांभळा, निळा, थर आणखी वाढला की फिकट आकाशी, पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि शेवटी करडा-काळा. हवा बहुधा कडेकडून आत शिरते, त्यामुळे थर कडेला जाड आणि मध्याकडे पातळ असतो. म्हणून कडेला निळे, त्याच्या आत जांभळे, मग सोनेरी आणि मध्ये चांदी अशी वलये उमटतात. निळ्याच्या शेजारी एकदम पांढरी चांदी आली, मधले सोनेरी-तांबूस टप्पे गायबच असले, तर थांबून विचार करावा. निसर्ग सहसा पायऱ्या गाळत नाही.

जगात या रंगांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरभोवती उभी राहिली. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे चांदीचे डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून तिजोऱ्यांत वर्षानुवर्षे पडून होते. थैलीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर रंग चढला, आणि जिथे एका नाण्यावर दुसरे अर्धवट आले होते तिथे झाकलेला भाग पांढरा राहून चंद्रकोर उमटली. ती चंद्रकोर आणि कापडाच्या विणीची पुसट जाळी पाहून जाणकार सांगतात की हे नाणे थैलीतले आहे. रंगाने आपला पत्ता सांगितला, तो असा.

आधी नाणे, मग रंग

रंग पाहण्याआधी नाणे खरे आहे का, हे ठरवायचे. इथे आपल्याकडे पूर्वजांची मोठी शिदोरी आहे. मराठेशाहीत नाणी पारखून घेण्याचे काम पोतदाराकडे असे. ते आडनाव आजही आपल्यात आहे. गावोगावी वेगळे रुपये चालत, अंकुशी, चांदवडी, मल्हारनगरी, आणि एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात गेला की त्यावर बट्टा कापला जाई. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार त्या व्यवहारातूनच आपल्या बोलण्यात आला. खात्री करून घेण्यासाठी सराफ रुपयावर छिन्नीची किंवा ठशाची बारीक खूण करत. जुन्या रुपयावर अशा सराफी खुणा दिसल्या तर घाबरू नये. त्यांनी देखणेपणा आणि भाव थोडा कमी होतो, पण नाणे बाजारात फिरले होते, याची ती साक्ष आहे.

होळकरी नाण्यांची ओळख अशी. मल्हारनगर हे इंदूरचे टांकसाळी नाव. तिथल्या रुपयावर सूर्यमुख असते. महेश्वरच्या टांकसाळीच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान असते, आणि ती छाप पाहताच अहिल्याबाईंची आठवण होते. मजकूर मात्र फारसीत, मोगल बादशहा शाहआलम दुसरा याच्या नावाचा. शाहआलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याचे नाव होळकरी रुपयावर पुढे अनेक दशके राहिले. त्या नावाला बाजारात पत होती. याला ठळक अपवाद म्हणजे यशवंतराव होळकरांचा शके १७२८, म्हणजे इसवी सन १८०६ चा नजराण्याचा रुपया. त्यावर देवनागरीत संस्कृत श्लोक आहे. एका बाजूला इंद्रप्रस्थाच्या राजाला चक्रवर्ती म्हटले आहे, तर दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांताच्या चरणकमळी भुंग्यासारखे मन रमलेल्या यशवंतरावांची ही मुद्रा, असा भाव आहे. त्या काळच्या मराठी सत्तेचा आत्मविश्वास त्या वर्तुळात दिसतो.

पुढे शिवाजीराव होळकरांच्या काळात त्यांची मुखछबी असलेला, यंत्राने पाडलेला रुपया आला, आणि तांब्याच्या पाव आण्यावर नंदी बसला. यशवंतराव दुसरे यांची छबी असलेली तांब्याची नाणी संवत १९९२ ची, म्हणजे १९३५ ची आहेत.

हा इतिहास रंगाच्या पारखीला थेट लागतो. हाताने पाडलेल्या होळकरी रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भागच नाण्यावर उतरे. असा रुपया वर्षानुवर्षे हातोहात फिरला, कनवटीला राहिला, हंड्यात पुरला गेला. त्याच्यावर साधारणपणे करडी-तपकिरी छटा असते, अक्षरांच्या खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिकट. झिजून गुळगुळीत झालेला मल्हारनगरी रुपया जर मोरपिसासारखा झगमगत असेल, तर त्याची झीज एक सांगते आणि रंग दुसरेच सांगतो. उलट, फारसा न वापरलेला यंत्रावरचा रुपया पन्नास वर्षे मखमलीच्या डबीत राहिला असेल, तर त्याच्यावर वलयांचे रंग शोभतात आणि पटतातही.

वजन-धातूची कसोटी घरीसुद्धा बरीचशी करता येते. १८३५ पासूनचा कंपनीचा रुपया आणि पुढचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. असा रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलला तर वजन साधारण १.१३ ग्रॅमने कमी भरते. पितळेवर मुलामा दिलेल्या तेवढ्याच वजनाच्या नकलेत ही घट १.३५ ग्रॅमच्या पुढे जाते. होळकरी रुपयाचे वजन व कस टांकसाळ आणि काळ यांप्रमाणे बदलतो, म्हणून तिथे ठसा पुस्तकाशी ताडून पाहावा लागतो. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचे मराठा टांकसाळींवरील इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रकाशित केले. मराठी नाण्यांच्या संग्राहकाला ते आजही हाताशी हवे. सराफ्यात एक्स-रे यंत्रावर नाण्याला ओरखडाही न काढता धातूचे प्रमाण कळते. कसोटीच्या दगडावर मात्र जुने नाणे कधी घासू देऊ नये.

आणखी एक सावधगिरी. हनुमान, रामपंचायतन किंवा लक्ष्मीचे चित्र, खाली 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ किंवा १६१६ असे साल असलेल्या चकत्या चमत्कारी नाणी म्हणून लाखोंच्या बाता मारत विकल्या जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. त्या देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या प्रसादाच्या मुद्रा आहेत. त्यांना पूजेत जागा असेल, नाणेसंग्रहात नाही. त्यांच्यावर निळा-जांभळा रंग चढवला म्हणून त्या प्राचीन होत नाहीत.

खरा रंग आणि चढवलेला रंग

आता भिंग घ्या. दहापट मोठे दाखवणारे पुरते. खिडकीशी बसा, आणि नाणे कडेने धरून हलके हलके तिरके करत राहा.

पहिली खूण तेजाची. नव्या नाण्याला टांकसाळीतून एक मूळ तेज मिळते. ठशाच्या दाबाने धातू पसरतो आणि त्याच्या बारीक रेषांवरून उजेड फिरतो. खरा रंग या तेजाच्या वर पातळ पडद्यासारखा असतो. नाणे फिरवले की रंगाच्या आतून उजेडाची पट्टी धावते. रंग आहे पण खाली उजेड मेलेला आहे, तर नाणे आधी घासून किंवा आम्लात बुडवून साफ केले असावे आणि ते लपवायला रंग आणला असावा.

दुसरी खूण अक्षरांच्या कडेची. सावकाश चढलेला रंग अक्षराला किंवा मुखवट्याला भिडतो तिथे बरेचदा थबकतो आणि उंचवट्याभोवती बारीक फिकट रेघ सोडतो. घाईने चढवलेला रंग मैदानातून अक्षरावर आणि अक्षरावरून पलीकडे सरळ वाहत जातो. उंच-सखल भागांशी त्याची दोस्ती झालेलीच नसते.

तिसरी खूण ओरखड्यांची, आणि ती सर्वांत बोलकी. जुना रंग असलेल्या नाण्यावर अलीकडे ओरखडा पडला तर तो रंग कापतो आणि खालची पांढरी चांदी दिसते. नाणे आधी घासले आणि मग रंगवले, तर ओरखड्याच्या आत भडक रंग भरलेला दिसतो. पूजेत वर्षानुवर्षे घासलेल्या रुपयावर केसासारख्या असंख्य समांतर रेघा असतात. त्या सगळ्या रंगाने माखलेल्या असतील तर रंग घासण्यानंतरचा आहे, एवढे नक्की.

चौथी खूण ओघळांची. गंधकी द्रावणात बुडवलेल्या नाण्यावर थेंब सुकल्याच्या कडा, ओघळ, डबकी राहतात. तापवलेल्या नाण्यावर मातकट तपकिरी, गढूळ जांभळा असा रंग येतो आणि तो अनेकदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. डबीत किंवा पुठ्ठ्यावर पडून राहिलेल्या नाण्याच्या दोन बाजू वेगळे आयुष्य जगतात : एक हवेकडे, दुसरी कापडाकडे. त्यामुळे दोन्हीकडचा रंग हुबेहूब असणे हेच संशयाचे कारण. ताज्या कामाला कधी कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो.

तांब्याच्या नाण्यांत जास्त काळजी हवी. पातेले आच लागून जसे निळे-तांबडे होते, तसा तांब्याचा पाव आणा क्षणात रंगतो. खरे जुने तांबे बहुधा एकसारखे, उबदार तपकिरी असते; खोबणीत टांकसाळीचा मूळ लालपणा राहिला असेल तर ते जपलेले नाणे. भुरभुरीत फिकट हिरवे ठिपके हा रंग नव्हे, रोग आहे. क्षारामुळे धातू आतून पोखरला जात असतो आणि असे नाणे इतरांपासून लगेच वेगळे ठेवावे लागते.

यांतली एकच खूण पाहून निकाल देऊ नये. चार खुणा एकाच दिशेने बोलल्या तरच बोलावे. अमेरिकेत १९८६ आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या दोन मोठ्या प्रतवारी संस्था नाणी तपासून सीलबंद डबीत देतात. नाणे अस्सल असूनही रंग पटला नाही, तर तशी नोंद करून त्या प्रतीचा आकडा नाकारतात. नाणे खरे आणि रंग शंकास्पद, असा तिसरा निकालही असू शकतो, हे ध्यानात असावे.

मोल कसे बांधायचे

किंमत ठरवताना मी खालून वर जातो. सर्वांत खाली धातूची किंमत. एक तोळ्याच्या जुन्या ब्रिटिश रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, म्हणून त्या रुपयात ५.८३ ग्रॅमच. दिसायला रुपये सारखे, पण पायाच निम्मा. १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्यात चांदी नाहीच.

त्यावर दुर्मिळता. इथे पोटजात महत्त्वाची : टांकसाळ कोणती, साल पूर्ण उतरले आहे का, चिन्ह स्पष्ट आहे का. सूर्यमुख पूर्ण आलेला आणि सालाचे आकडे वाचता येणारा मल्हारनगरी रुपया, अर्धा ठसा चकतीबाहेर गेलेल्या रुपयापेक्षा सरस. रुंद चकतीवर सगळा मजकूर उतरलेले नजराण्याचे नाणे त्याहून कितीतरी वरचे. त्यावर प्रत, म्हणजे झीज, ओरखडे, मूळ तेज. त्यावर नाण्याची वंशावळ : कोणत्या संग्रहातून आले, जुनी पावती किंवा लिलावाची नोंद आहे का.

आणि या सगळ्याच्या वर, कळसासारखा, रंग. पाया नसलेल्या जागी कळस बसत नाही. सामान्य, झिजलेले नाणे रंगामुळे मौल्यवान होत नाही. उत्तम नाणे रंगामुळे अप्रतिम होते. म्हणून रंगीत नाणे घेताना आधी स्वतःला विचारावे : हाच रुपया पांढरा असता तर मी याला किती दिले असते? ती रक्कम नाण्याची. तिच्या वर जे देतो ते केवळ रंगासाठी, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीवर अवलंबून आहे. एकाला भावलेली किरमिजी झाक दुसऱ्याला डाग वाटू शकते. फोटोवरून तर कधीच निर्णय घेऊ नये. दिव्याचा कोन आणि फोनमधली रंगवाढ यांनी साधे करडे नाणेही मोरपंखी दिसते. नाणे हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात, परत करण्याची लेखी मुभा घेऊनच व्यवहार करावा.

कायद्याच्या दोन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू कायदा, १९७२ खाली येतात आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. शेतात किंवा वाड्याच्या भिंतीत नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शिवाय 'रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखांत घेते' असे फोन येतात. असा कोणताही व्यवहार आपण करत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

ताम्हनातला रुपया

आता पुन्हा लक्ष्मीपूजनाकडे येतो, कारण बहुतेक वाचकांच्या घरातला संग्रह तिथेच आहे. चिंच आणि लिंबू यांतले आम्ल, पितांबरीसारखी पूड, राख, रांगोळी, हे सगळे थर काढताना चांदीचा एक पदरही खरवडतात. पंचामृताच्या आंबटपणाने आणि ओल्या हळदीकुंकवाने डाग पडतात, आणि ते काढायला पुन्हा घासणे आले. गेलेला रंग कदाचित पुन्हा येईल. गेलेले तेज आणि झिजलेली अक्षरे येणार नाहीत.

ठेवण्याची रीत सोपी आहे. नाणे नेहमी कडेने धरावे. बोटाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो. रबर लावू नये, वर्तमानपत्रात गुंडाळू नये. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकट पदार्थ सुटतो, म्हणून ती टाळून पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची पाकिटे घ्यावीत. इंदूरचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्याचे महिने दमट असतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दरवर्षी बदलाव्यात. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी असावी : कोणाकडून आले, कधी, कोणत्या प्रसंगी. अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली त्या निमित्ताने ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये तीनशे रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. ज्यांनी ते घेतले असेल त्यांनी आजपासूनच ही शिस्त पाळावी. शंभर वर्षांनी ते कोणाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्यावरचा रंग आपल्या घराविषयी बोलणार आहे.

येत्या दिवाळीला एवढेच करा. पूजेसाठी नवे चांदीचे नाणे घ्या. त्याला हळदकुंकू वाहा, पंचामृताने न्हाऊ घाला, हवे तितके घासा. सूर्यमुखाचा, बेलपानाचा किंवा राणीछाप जुना रुपया मात्र शेजारी कोरड्या वस्त्रावर, आहे त्या रंगात ठेवा, नमस्कार करा आणि तसाच उचलून ठेवा.